खर्चाआधीचा हिशेब: कॅलिफोर्नियातल्या शाळांच्या पैशांचे नियम कसे घडले

कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला, वर्षातून दोनदा, डिसेंबर आणि मार्चच्या मध्याला, आपल्या पैशांबद्दल जाहीर ग्वाही द्यावी लागते. चालू वर्ष आणि पुढची दोन वर्षं देणी भागतील अशी खात्री असेल तर 'पॉझिटिव्ह', शंका असेल तर 'क्वालिफाइड', आणि हे वर्ष किंवा पुढचं वर्षही निभणार नसेल तर 'निगेटिव्ह'. फ्रीमॉन्ट, सनीवेल किंवा अर्वाइनमध्ये घर शोधणारी मराठी कुटुंबं शाळांचे गुण बारकाईने बघतात. हा शेरा फारसं कुणी बघत नाही. तो बघायला हवा. एका शहरातल्या शाळा बंद होता होता वाचल्या, त्यातून तो आला आहे.

आपल्याकडे रस्ते, पाणी, दवाखाने आणि शाळा एकाच जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात असतात. तिथलं स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे शाळांपुरतं वेगळं स्थानिक सरकारच. त्याचं मंडळ लोक निवडून देतात, अंदाजपत्रक ते स्वतः मंजूर करतं, मतदारांनी कौल दिला तर कर्जरोखेही काढतं. १९७८ साली मतदारांनी प्रपोझिशन १३ हा थेट मतदानाला ठेवलेला प्रस्ताव मंजूर केला आणि घरपट्टी मालमत्तेच्या नोंदलेल्या किमतीच्या एक टक्क्यावर बांधली गेली. त्यानंतर शाळांना किती पैसा मिळणार हे मुख्यतः राजधानी सॅक्रामेंटोत ठरू लागलं. तो कसा खर्चायचा हे मात्र गावातलं मंडळच ठरवत राहिलं. माझ्या मते पुढच्या गोंधळाचं मूळ इथं आहे. मंडळाने हात सैल सोडला तरी त्याची झळ मतदाराच्या घरपट्टीच्या बिलात दिसेना.

रिचमंड हे सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या काठचं, गोदी-कारखान्यांचं शहर. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या डिस्ट्रिक्टने शाळांमध्ये नवनवे कार्यक्रम सुरू केले. कल्पना चांगल्या होत्या, वर्तमानपत्रांतून कौतुक झालं, पण त्यासाठी लागणारा पैसा तिजोरीत नव्हता. १९९१च्या वसंतात मंडळाने जाहीर केलं की पैसे संपले, आता सत्र सहा आठवडे आधीच गुंडाळायचं. सुमारे साडेएकतीस हजार मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न होता. पालक कोर्टात गेले. डिस्ट्रिक्टने पैसे उधळले म्हणून राज्याने त्याची भरपाई का करावी, असा राज्य सरकारचा पवित्रा होता. कोर्टाने तो मानला नाही आणि शाळा चालू राहिल्या. 'बट विरुद्ध कॅलिफोर्निया राज्य' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात १९९२च्या अखेरीस राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलांना समान शिक्षण मिळण्याची अंतिम जबाबदारी राज्याची आहे. स्थानिक मंडळाच्या चुकीची शिक्षा मुलांना देता येणार नाही. राज्याने दिलेलं सुमारे २ कोटी ८५ लाख डॉलरचं कर्ज फेडून व्हायला २०१२ साल उजाडलं. तोवर डिस्ट्रिक्टचं नावही बदललं होतं.

ऑडिटची सक्ती होती, तरी हे झालं. जूनमध्ये संपलेल्या वर्षाचं ऑडिट हाती येईपर्यंत पुढचं वर्ष अर्धं सरलेलं असतं. झालेला खर्च पाईपर्यंत बरोबर लिहिला, तरी पुढच्या मे महिन्यात पगार होतील का, याचं उत्तर त्यात सापडत नाही. म्हणून १९९१च्या असेंब्ली बिल १२०० या कायद्याने नजर पुढे वळवली. वर सांगितलेली ग्वाही त्यातूनच आली. तिची तपासणी काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, शिक्षण कार्यालयाकडे आली आणि गरज पडल्यास हस्तक्षेप करण्याचा अधिकारही त्याला मिळाला. अडचणीतल्या डिस्ट्रिक्टना मदत करणारं 'फिस्कल क्रायसिस अँड मॅनेजमेंट असिस्टन्स टीम' हे पथक उभं राहिलं. या कायद्यातलं एक कलम मला सगळ्यात मोलाचं वाटतं: शिक्षक संघटनेशी पगाराचा करार करायचा असेल, तर चालू आणि पुढच्या वर्षांत त्याचा किती बोजा पडेल हे मंजुरीपूर्वी जाहीर सभेत मांडायचं. आधी सही आणि मग आकडे, ही रीत त्याने मोडली.

तीन वर्षांनी घाव दुसऱ्या बाजूने आला. ६ डिसेंबर १९९४ रोजी ऑरेंज काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली. खजिनदार रॉबर्ट सिट्रन यांनी सुमारे ७५० कोटी डॉलरच्या ठेवींवर कर्ज उचलून गुंतवणूक २,००० कोटींच्या वर नेली होती. व्याजदर वाढले आणि १६० कोटींहून अधिक बुडाले. स्कूल डिस्ट्रिक्टना आपला पैसा काउंटीच्या खजिन्यातच ठेवावा लागतो, त्यामुळे शाळाही अडकल्या. काहींनी, त्यात अर्वाइनचं डिस्ट्रिक्टही होतं, मुद्दाम कर्ज काढून जादा पैसा तिथं गुंतवला होता. आणि धोका कुणाला दिसलाच नव्हता असंही नाही. त्याच वर्षीच्या निवडणुकीत प्रतिस्पर्धी उमेदवार जॉन मूरलॅक हेच ओरडून सांगत होते. ते हरले. १९९५च्या कायद्यांनी खजिनदारांवर देखरेख समित्या नेमल्या आणि गुंतवणुकीचे तिमाही अहवाल मागितले.

ऑडिट असूनही फसगत होते, हे शाळांबाहेर, शहराच्या कारभारातही दिसलं. बेल हे लॉस एंजेलिसजवळचं जेमतेम ३७,००० वस्तीचं, कष्टकरी लोकांचं शहर. २०१० साली लॉस एंजेलिस टाइम्सने उघड केलं की तिथल्या सिटी मॅनेजरचा, म्हणजे शहराचा कारभार बघायला नेमलेल्या मुख्य अधिकाऱ्याचा, पगार वर्षाला जवळपास ८ लाख डॉलर आहे, राष्ट्राध्यक्षांच्या जवळपास दुप्पट. नगरसेवकांच्या पगारावर राज्याने घातलेली मर्यादा चुकवता यावी म्हणून २००५ साली शहराने स्वतःची सनद, म्हणजे कारभाराची स्वतःची नियमावली, करून घेतली होती, आणि त्या मतदानाला चारशेही लोक आले नव्हते. खासगी ऑडिटर दरवर्षी येऊन जात होते. बातमीनंतर राज्याचे कंट्रोलर, म्हणजे हिशेब बघणारे प्रमुख अधिकारी, जॉन चिआंग यांनी सगळ्या शहरांकडून आणि काउंट्यांकडून पगारांचे आकडे मागवले आणि ते कुणालाही पाहता येतील असे मांडले.

शाळांच्या कर्जाची कहाणी मात्र आणखी उशिरापर्यंत चालली. २००० सालच्या प्रपोझिशन ३९ने शाळांच्या इमारतींसाठी कर्जरोखे मंजूर करणं सोपं केलं: दोन तृतीयांशऐवजी ५५ टक्के मतं पुरे. बदल्यात नागरिकांची देखरेख समिती आणि वार्षिक ऑडिट बंधनकारक झालं. समितीत पालक, ज्येष्ठ नागरिक, व्यापारी आणि करदात्यांच्या संघटनेचा प्रतिनिधी हवा. डिस्ट्रिक्टचा नोकर किंवा कंत्राटदार चालणार नाही. रचना उत्तम होती, पण समितीचं काम पैसा ठरलेल्या बांधकामावरच खर्च झाला का हे पाहण्याचं. तो कोणत्या अटींवर उसना घेतला, हे तिच्या कक्षेत नव्हतं.

सॅन डिएगोजवळच्या पोवे डिस्ट्रिक्टने २०११ साली १० कोटी ५० लाख डॉलर उचलले, ते अशा रोख्यांवर की पहिली वीसेक वर्षं काहीच फेडायचं नाही आणि व्याज मात्र साठत राहणार. एकूण परतफेड होते जवळपास ९८ कोटी डॉलर. आकडे कागदोपत्री होते. लोकांपर्यंत ते पोहोचले वर्षभराने, बातमीतून. २०१३च्या असेंब्ली बिल १८२ने अशा रोख्यांची मुदत २५ वर्षांवर आणली, एकूण परतफेड मुद्दलाच्या चौपटीपलीकडे जाऊ नये असं बांधलं, आणि मंडळापुढे मंजुरीआधी एकूण किंमत व स्वस्त पर्यायांशी तुलना ठेवणं सक्तीचं केलं. जुन्या रोख्यांना तो कायदा लागू नाही. पोवेच्या करदात्यांना त्यांचं देणं २०५१पर्यंत फेडायचं आहे.