कुंडीतला वाफसा

कुंडीत पाणी भरपूर आहे, तरी मिरचीचं रोप माना टाकतं. मग घरातलं कुणीतरी आणखी एक तांब्या ओततं आणि दोन-तीन दिवसांत रोप हातचं जातं. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या पोकळ्या पाण्याने गच्च भरल्या, की प्राणवायू हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. श्वास कोंडलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून चिखलात उभं असूनही रोप तहानल्यासारखं दिसतं. मातीत ओलही आहे आणि हवाही खेळते आहे, या अवस्थेला शेतकरी वाफसा म्हणतात. कुंडीत भाजी लावायची तर आधी हा वाफसा जमायला हवा.

भांडी घासायचा जाड, नवा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, पाणीही तेच, फक्त उंची वाढली. कुंडीतही असंच होतं. भोक कितीही मोठं ठेवा, तळाचा एक थर चिंब राहतोच. उथळ कुंडीत त्या थराच्या वर मुळांना फारशी जागा उरत नाही. मातीचे कण जितके बारीक, तितका हा थर उंच.

म्हणूनच तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे भरायची सर्रास चालणारी पद्धत सोडून द्यावी. वरची बारीक माती पूर्ण चिंब होईपर्यंत खडीच्या मोठ्या पोकळ्यांत पाणी सोडत नाही. त्यामुळे ओला थर उलट वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ येतो. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे.

शेताला वरदान असलेली काळी माती कुंडीत त्रास देते. ओली झाली की फुगते आणि हवा कोंडते. वाळली की आक्रसून कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट बशीत उतरतं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. असं झालं तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवावी, मग नीट निथळू द्यावी.

मिश्रण असं करा: ४ भाग लाल किंवा पोयट्याची माती, ३ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), ३ भाग शेणखत किंवा गांडूळखत. १२ इंची कुंडीला २ मुठी निंबोळी पेंड. कोकोपीटात बऱ्याचदा क्षार असतात, म्हणून ते भिजवून, पिळून, दोनदा पाणी बदलावं. शेणखताला शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे, मुळं भाजतील. भरलेल्या कुंडीत एक लिटर पाणी ओतून पाहा. पाच मिनिटांनीही वर डबकं दिसलं, तर कोकोपीट वाढवा.

पहिलं पीक मेथीचंच घ्यावं. बी स्वयंपाकघरातच सापडतं, आणि मिश्रण चुकलं असेल तर महिन्याभरात कळतं. दाणे रात्रभर भिजवा, ६ इंच खोल ट्रेमध्ये पसरा, वर सेंटिमीटरभर माती. तीन ते पाच दिवसांत कोंब दिसतात, २५-३० दिवसांत जुडी निघते. तीन-चार तासांचं ऊनही तिला चालतं. कोथिंबिरीसाठी धणे लाटण्याने हलके रगडून दोन शकलं करा. उगवायला आठ-दहा दिवस तरी लागतात, तेवढ्यात कुंडी उकरू नका.

मिरची, टोमॅटोला रोज सहा तास ऊन हवं. मिरचीला १२ इंची कुंडी, टोमॅटोला १५ ते २० लिटरची. ओल्या मातीसकट २० लिटरची कुंडी २५ किलोंच्या आसपास भरते, तेव्हा ती खिडकीच्या ग्रिलवर ठेवू नये. एप्रिल-मेमध्ये टोमॅटोची फुलं गळतात, कारण दिवसा पारा ३५ अंशांवर गेला आणि रात्रीही उकाडा राहिला की परागकण निकामी होतात. खत घालून ते थांबत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोप लावलं तर फुलं थंडीत येतात.

पाणी वार ठरवून घालू नये. बोट दोन इंच खुपसावं. टोकाला ओल लागली तर त्या दिवशी थांबावं, कोरडं लागलं तर तळातून पाणी येईपर्यंत घालावं आणि बशीतलं ओतून द्यावं.

टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडला की लोक अंड्याची टरफलं घालतात. चुना म्हणजे कॅल्शियम कमी पडतं हे खरं, पण बऱ्याचदा ते मातीत असतंच. ते पाण्याबरोबरच वर चढतं आणि बहुतेक पानांकडे जातं. फळाच्या टोकाला सगळ्यात शेवटी. एक दिवस कोरडं, एक दिवस तुडुंब असं झालं की ते टोक उपाशी राहतं. टरफलं विरघळायला कित्येक महिने लागतात. डागाळलेली फळं काढून टाका, मातीवर दोन इंच वाळका पाला पसरा आणि ओल सारखी ठेवा. पुढची फळं बहुधा स्वच्छ येतात.