उणे एक नंबरचा शॉट

संलयनाच्या, म्हणजे अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा मिळवण्याच्या, प्रयोगशाळेत दिवस तासांवर नाही, शॉटवर मोजतात. शॉट म्हणजे यंत्रात एकदा प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, तयार करणं. बॉस्टनशेजारी एमआयटीत अल्काटोर सी-मॉड हा टोकामाक होता, म्हणजे चुंबकांनी प्लाझ्मा धरून ठेवणारं कड्याच्या आकाराचं यंत्र. त्यात प्लाझ्मा टिकायचा जेमतेम दोन सेकंद. मग द्रवरूप नायट्रोजनने चुंबकांची वेटोळी पुन्हा थंड होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. तेवढ्यात आलेख बघून पुढच्या शॉटचं ठरवायचं. डेटा त्या वेळात हाताशी आला नाही, तर पुढचा शॉट आंधळाच.

१९८० च्या दशकात मोजमापांचे आकडे करणारे डिजिटायझर कॅमॅक क्रेटमध्ये, म्हणजे एका प्रमाणित चौकटीत, बसवलेले असत. शॉट संपला की त्यांची मेमरी व्हॅक्स संगणकावर ओतायची. आकडे मिळत, पण हा कोणता चॅनेल, गेन (संकेत किती पट वाढवला) किती, कॅलिब्रेशन कधीचं, हे बहुधा कुणाच्या तरी वहीत.

एमआयटी, इटलीतलं पादुआ आणि लॉस अलामोस इथल्या मंडळींनी त्या दशकाच्या अखेरीस मिळून एमडीएसप्लस हे डेटा साठवण्याचं सॉफ्टवेअर लिहिलं, ते यावर उतारा म्हणून. एका शॉटचं सगळं झाडासारख्या फांद्यांच्या एका रचनेत: उपकरणांची सेटिंग्ज, कच्चे व्होल्ट, हिशेबाने काढलेलं तापमान. फांदीवर आकड्यांऐवजी सूत्रही ठेवता येतं; विचारलं की तेव्हा सोडवलं जातं. आणि उणे एक नंबरचा शॉट, जो कधी होतच नाही! तो साचा. नवा शॉट म्हणजे त्याची प्रत, त्यामुळे प्रत्येक शॉटबरोबर त्या वेळची सेटिंग्जही आपोआप जपली जातात. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत हुशार कल्पना हीच.

नंबर देण्याच्या तऱ्हाही वेगवेगळ्या. इंग्लंडमधल्या जेट या टोकामाकने १९८३ पासून सरळ मोजत नेलं. १८ डिसेंबर २०२३ ला शेवटचा शॉट झाला, नंबर १,०५,८४२. सी-मॉडने तारीखच नंबरात घातली: वर्ष, महिना, दिवस, मग त्या दिवसाचा कितवा. १९९९ चे शॉट ९९ ने सुरू होतात. २००० साल आलं तेव्हा वर्षातून १९०० वजा करत १०० लिहिलं, आणि नंबर एका आकड्याने लांबला. म्हणून ३० सप्टेंबर २०१६ चे, म्हणजे यंत्राच्या शेवटच्या दिवसाचे शॉट ११६०९३० ने सुरू होतात. त्याच दिवशी प्लाझ्माच्या दाबाचा विक्रम झाला, २.०५ वातावरण, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या दुपटीहून थोडा जास्त.

पुढे नेटवर्क आलं. दूरच्या माणसाने सूत्र पाठवायचं, सर्व्हरने हिशेब करून फक्त उत्तर धाडायचं. अख्खी फाइल हलवायची गरज नाही. पण ‘शॉट संपल्यावर बघू’ ही सवय लांब शॉटनी मोडली. जपानमधल्या तोकी इथल्या एलएचडी या संलयन यंत्राने २०१३ मध्ये सुमारे ४८ मिनिटं प्लाझ्मा टिकवला, तेव्हा त्या एकाच शॉटचा डेटा ८९० जीबीच्या आसपास भरला. असा डेटा शॉट चालू असतानाच तुकड्यातुकड्यांनी लिहावा लागतो.

खरी डोकेदुखी मात्र आकाराची नाही, नावांची आहे. एकच प्लाझ्मा प्रवाह, पण प्रत्येक यंत्रावर नाव वेगळं, आणि कधीकधी अधिक-उणे चिन्हसुद्धा. दिशा आणि चिन्हं ठरवण्याचे सोळा संकेत २०१३ मध्ये कोकॉस या नावाने सूचिबद्ध झाले. सोळा! (त्यांचे नंबर १ ते ८ आणि ११ ते १८.) भारतासह सात सदस्यांच्या इटर या संलयन प्रकल्पासाठी आयमास या प्रणालीत डेटाच्या नावांचा सामाईक शब्दकोश तयार झाला, आणि त्यात अकरा नंबरचा संकेत धरला. शब्दकोशाच्या चौथ्या आवृत्तीत तो बदलून सतरा केला. त्यामुळे आधीच्या आवृत्तीतली फाइल उघडताना चुंबकीय फ्लक्सचं चिन्ह उलटं करायचं, हे वाचणाऱ्या प्रोग्रॅमला ठाऊक असावं लागतं.