महागड्या आयपीसचा पैसा जातो कुठे?

दहापट किमतीच्या आयपीसमधून, म्हणजे दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगसंचातून, गुरू दहापट चांगला दिसत नाही. दृष्टिक्षेत्राच्या मधोमध ठेवलेला गुरू आधी साध्या पण नीट बनवलेल्या प्लॉसल (चार भिंगांच्या जुन्या रचनेच्या) आयपीसमधून बघा, मग महागड्या आयपीसमधून. विशालन सारखे असेल, तर पट्ट्यांच्या तपशिलात फरक दाखवताना मुरलेले निरीक्षकही अडखळतात. गुरू कडेकडे सरकू लागला की मात्र दोन्हींतले अंतर उघडे पडते. जास्तीचा पैसा जातो तो मुख्यतः दोन गोष्टींवर: कडेपर्यंत टिकणारी प्रतिमा आणि डोळ्याला मिळणारी मोकळीक. त्यामुळे खर्च करायचा की नाही, हे ग्रह-ताऱ्यांपेक्षा तुमची दुर्बीण आणि तुमचे डोळेच ठरवतात.

आधी हिशेब. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागले की विशालन मिळते. १५० मि.मी. आरसा आणि ७५० मि.मी. नाभीय अंतर असलेल्या, म्हणजे एफ/५ (७५० भागिले १५०) दुर्बिणीत २५ मि.मी.चा आयपीस ३० पट विशालन देतो, १० मि.मी.चा ७५ पट आणि ६ मि.मी.चा १२५ पट. दुसरा आकडा एक्झिट प्युपिलचा, म्हणजे आयपीसमधून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताच्या जाडीचा. आयपीसच्या नाभीय अंतराला एफच्या अंकाने भागा: २५ मि.मी.ला ५ मि.मी., ६ मि.मी.ला १.२ मि.मी. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मि.मी. उघडते, वय वाढले की कमी. झोत बाहुलीपेक्षा जाड असेल तर उरलेला प्रकाश वाया जातो. एफ/५ दुर्बिणीला ४० मि.मी.चा आयपीस लावला की नेमके हेच होते: झोत ८ मि.मी.चा. शिवाय आयपीसच्या सव्वा इंची नळीत मावणारे सर्वांत मोठे क्षेत्र ३२ मि.मी.च्या प्लॉसलमध्येच भरून जाते. म्हणजे ४० मि.मी.चा आयपीस आकाश तेवढेच दाखवतो, फक्त लहान करून.

हे दोन्ही हिशेब स्वस्त-महाग सगळ्यांना सारखेच लागू पडतात. वेगळे असते ते आभासी दृष्टिक्षेत्र, म्हणजे डोळा लावल्यावर समोर दिसणाऱ्या वर्तुळाची रुंदी. प्लॉसलमध्ये ती सुमारे ५० अंश असते. व्हिएन्नाच्या सिमॉन प्लॉसल यांनी १८६० मध्ये दोन जोडभिंगे समोरासमोर बसवून ही रचना केली आणि आजही स्वस्तातला चांगला आयपीस म्हटले की तीच पुढे येते. १८८० मधली अर्न्स्ट आबे यांची ऑर्थोस्कोपिक रचना ग्रहांसाठी अजून वाखाणली जाते. तिचे क्षेत्र प्लॉसलहूनही अरुंद, पण मध्यावरची प्रतिमा लख्ख. १९८० च्या सुमारास चित्र पालटले. गेमिनी आणि अपोलो यानांच्या सरावयंत्रांसाठी प्रकाशीय रचना केलेले अल नॅग्लर यांनी टेलिव्ह्यू या आपल्या कंपनीतर्फे ८२ अंशांचा आयपीस आणला. त्यात पुढच्या बाजूला ऋण भिंगांचा गट असतो. तो आधी प्रकाश पसरवतो, मग मागची भिंगे तो गोळा करतात. २००७ मध्ये याच कंपनीचा १०० अंशांचा इथॉस आला. चार भिंगांच्या जागी सहा, सात किंवा त्याहून जास्त भिंगे, महाग काच, प्रत्येक पृष्ठभागाची अचूक घासणी आणि जुळणी, असा किमतीचा हिशेब आहे.

रुंद क्षेत्र म्हणजे नुसती चैन असे वाटत असेल, तर मोटर नसलेल्या डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरच्या, हाताने ढकलायच्या) दुर्बिणीने २०० पट विशालनावर शनी बघा. खगोलीय विषुववृत्ताच्या पट्ट्यातले आकाश मिनिटाला पाव अंश सरकते. ५० अंशांच्या आयपीसमध्ये २०० पटीला खरे क्षेत्र पाव अंशच उरते, म्हणजे एका कडेला ठेवलेला शनी मिनिटभरात दुसऱ्या कडेने बाहेर. त्यातही नळी ढकलल्यावर थरथर थांबायला काही सेकंद जातात, आणि कडांजवळची प्रतिमा स्वस्त आयपीसमध्ये कामाची नसते. हाती लागतो अर्धा मिनिट. ८२ अंशांत तोच प्रवास सुमारे १ मिनिट ३८ सेकंदांचा होतो, १०० अंशांत दोन मिनिटांचा, आणि त्यातला बहुतेक वेळ वापरता येतो. हवा स्थिर होण्याचे क्षण अधूनमधूनच येतात. ते पकडायला हा वेळ लागतो. दुर्बिणीला मागोवा घेणारी मोटर असेल, तर ग्रहांपुरता हा फायदा जवळजवळ संपतो.

आता कडेचा प्रश्न. एफ/१० दुर्बिणीतून येणारा प्रकाशाचा शंकू अरुंद असतो, जेमतेम पावणेसहा अंशांचा. एफ/५ मध्ये तो साडेअकरा अंशांच्या जवळ जातो आणि कडेचे किरण भिंगांवर फार तिरके पडतात. म्हणून जो स्वस्त रुंद-क्षेत्र आयपीस एफ/१० मध्ये देखणा वाटतो, तोच एफ/५ मध्ये कडेच्या ताऱ्यांना पंख फुटलेले दाखवतो. स्वस्त-महाग तुलनेतले बरेचसे वाद एवढ्यावरच मिटतात: बोलणाऱ्यांच्या दुर्बिणी वेगळ्या असतात. तुमची दुर्बीण एफ/८ किंवा त्याहून मंद असेल (एफचा अंक मोठा म्हणजे दुर्बीण मंद, लहान म्हणजे वेगवान), तर महाग आयपीस घेण्याआधी दोनदा विचार करा.

पण कडेचा प्रत्येक दोष आयपीसचा नसतो. महाग आयपीस घेऊनही निराशा होते ती इथेच. तपासणी सोपी आहे. हवा शांत असताना मध्यम तेजाचा तारा मधोमध घेऊन फोकस करा, मग तो कडेला न्या.

तारा पसरला, पण फोकसची घुंडी जराशी फिरवताच पुन्हा टिंबासारखा झाला, तर तो क्षेत्राचा बाक. मध्य आणि कड एकाच वेळी फोकसमध्ये येत नाहीत, एवढेच. फोकसच्या अलीकडे तारा एका दिशेने लांबट आणि पलीकडे त्याला काटकोनात लांबट होत असेल, तर ती अबिंदुकता, आणि कडेला दिसणारी अबिंदुकता बहुधा आयपीसची. ताऱ्याला धूमकेतूसारखी शेपटी असेल, टोक मध्याकडे आणि पसारा बाहेर, तर तो कोमा. कोमा अन्वस्त आरशाचा असतो आणि कोणत्याही किमतीच्या आयपीसने जात नाही. उलट स्वस्त आयपीसच्या अबिंदुकतेखाली तो झाकलेला असतो. महाग आयपीस लावला की अबिंदुकता जाते आणि कोमा पहिल्यांदाच स्पष्ट दिसतो. मग दोष नव्या आयपीसच्या माथी मारला जातो. एफ/५ किंवा त्याहून वेगवान न्यूटनी, म्हणजे आरशाच्या, दुर्बिणीत यावर उपाय कोमा करेक्टर हे जोडभिंग हाच. आणि तारा मधोमध असतानाच शेपटी दिसत असेल, तर आरशांची जुळणी, म्हणजे कोलिमेशन, बिघडले आहे. ते आधी दुरुस्त करा. तोवर आयपीसची तुलना करण्यात अर्थ नाही.

एक तपासणी डोळ्याचीही. कमी विशालनावर मधल्याच ताऱ्याला रेघा फुटत असतील, तर आयपीस जागच्या जागी फिरवा. रेघा त्याच्यासोबत फिरल्या तर दोष आयपीसचा. त्या तशाच राहिल्या, पण डोके तिरके केल्यावर फिरल्या, तर दोष तुमच्या डोळ्याचा. एक्झिट प्युपिल मोठे असताना डोळ्याची अबिंदुकता जाणवते, १ मि.मी.च्या आसपास ती बहुतेक नाहीशी होते. म्हणजे अशा माणसाला ग्रह चष्म्याविना नीट दिसतात, पण कृत्तिका बघताना चष्मा हवाच.

चष्मा आला की आय रिलीफ आला. पूर्ण क्षेत्र दिसण्यासाठी शेवटच्या भिंगापासून डोळा जितका लांब ठेवता येतो, ते हे अंतर. प्लॉसलमध्ये ते नाभीय अंतराच्या साधारण सात दशांश असते. २५ मि.मी.ला १७ मि.मी. सोयीचे आहेत, १० मि.मी.ला ७ मि.मी. चालवून घ्यावे लागतात, पण ६ मि.मी.ला उरतात जेमतेम ४. पापणी भिंगाला टेकते, भिंग तेलकट होते, श्वासाच्या बाफेने धूसर होते. चष्म्यासह १५ ते २० मि.मी. लागतात. म्हणून उच्च विशालनासाठी प्लॉसलच्या मागे लागू नका. मधल्या किमतीत ६० ते ६६ अंशांचे, पुढे ऋण भिंगे असलेले ६ आणि ९ मि.मी.चे आयपीस मिळतात. त्यांत डोळा बराच मागे ठेवता येतो आणि एफ/५ मध्येही कड बऱ्यापैकी टिकते. याच मालिकांमधले १५ आणि २० मि.मी.चे आयपीस मात्र वेगवान दुर्बिणीत कडेला ढासळतात. एकाच नावाखाली दोन वेगळ्या रचना विकल्या जातात, हे ध्यानात ठेवा. लांब आय रिलीफचाही एक तोटा आहे: डोळा जरा सरकला की प्रतिमेत काळी सावली येते. रबरी कडे वर-खाली करून डोळ्याची जागा पक्की केली की ती बहुधा जाते.

लेपनाची, म्हणजे भिंगांवरच्या प्रतिबिंब रोखणाऱ्या थराची, परीक्षा आयपीस हातात घेऊन करता येते. दिव्याखाली आयपीस तिरका धरून भिंगातली प्रतिबिंबे बघा. पांढरी, ठसठशीत प्रतिबिंबे म्हणजे काच उघडी आहे. मंद हिरवी किंवा जांभळी म्हणजे बहुस्तरी लेपन. उघडी काच प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकते. प्लॉसलच्या चार हवा-काच पृष्ठभागांवर मिळून १५ टक्के जातात. त्याहून त्रासदायक गोष्ट अशी, की हा प्रकाश आत इकडेतिकडे आपटून गुरूशेजारी भुताटकी ठिपके उमटवतो आणि चंद्राभोवतीचे काळे आकाश करडे करतो. नळीत आत डोकावून भिंगांच्या कडा आणि भिंती काळ्या आहेत का तेही बघा. चकाकणारा धातू दिसला तर तो आयपीस ठेवून द्या.

खरेदीचा क्रम साधारण असा. दुर्बिणीसोबत येणारा २५ मि.मी.चा आयपीस बहुधा ठीक असतो, तो राहू द्या. सोबतचा १० मि.मी.चा सर्वांत आधी बदला, फरक तिथे लगेच दिसतो. एच किंवा एसआर लिहिलेले ०.९६५ इंची आयपीस बाजूलाच टाका. ४ मि.मी.च्या एसआरमधून बघणे म्हणजे कुलपाच्या भोकातून बघणे. त्यानंतर आयपीसच्या आधी बसवायचे, विशालन दुप्पट करणारे चांगले बार्लो भिंग. ते प्रकाशाचा शंकूही अरुंद करते, एफ/५ चे एफ/१० होते, आणि त्यामुळे साध्या आयपीसची कडही सुधारते. पेटीत घालून मिळणारे डझनभर आयपीस-फिल्टरांचे संच टाळा, त्यातले निम्मे कधी बाहेर निघत नाहीत. अशा संचात आयपीसला लावायचा ‘सूर्य’ फिल्टर निघाला तर तो फोडून टाका. नाभीजवळच्या उष्णतेने तो तडकतो आणि त्या क्षणी डोळा समोर असतो.

एकच महाग आयपीस घ्यायचा असेल, तर तो २ मि.मी.च्या आसपास एक्झिट प्युपिल देणारा घ्या, म्हणजे एफ/५ ला १० किंवा एफ/६ ला १२-१३ मि.मी.चा. शौरीतला एम १३ तारकागुच्छ, मृगातला तेजोमेघ, दीर्घिका, सगळे याच टप्प्यात खुलते, त्यामुळे तोच सर्वांत जास्त वापरला जातो. मोठ्या दोन इंची आयपीसच्या मोहात पडण्याआधी वजन बघा. ३१ मि.मी.चा नॅग्लर किलोभराचा आहे. लहान डॉब्सोनियनचे तोंड त्याने खाली जाते, मग मागच्या टोकाला वजन लावावे लागते.

स्वच्छता कमीत कमी करा. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, आणि डाग उरलाच तर लेन्सच्या कागदावर आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा एक थेंब घेऊन मध्याकडून कडेकडे हलकेच पुसा. थेंब थेट भिंगावर टाकू नका. तो कडेतून आत झिरपतो, आणि आतला डाग काढायला आयपीस उघडावा लागतो. उघडला की भिंगांच्या बाजू आणि मधल्या कड्यांचा क्रम उलटसुलट होतो, आणि मग तो कोणत्याही ताऱ्यावर नीट फोकस होत नाही.