टोनी कॉनराडचं व्हायोलिन आणि त्याला कधी न मिळालेल्या टेप्स

टोनी कॉनराड बऱ्याच जणांना माहीत असतो तो १९६६ च्या 'द फ्लिकर' या फिल्ममुळे, नाहीतर व्हेल्व्हेट अंडरग्राउंड बँडला नाव मिळालं ते त्याला सापडलेल्या एका पुस्तकावरून, म्हणून. पण माणूस मुळात व्हायोलिनवाला, आणि त्याच्या नंतरच्या रेकॉर्ड्स अशा का आहेत हे कळायला १९६०च्या दशकातलं न्यूयॉर्क बघावंच लागतं.

१९६२ मध्ये हार्वर्डमधून गणित करून तो न्यूयॉर्कला आला आणि संगीतकार ला मॉन्ट यंग, गायिका-चित्रकार मॅरियन झझीला, आणि पुढे व्हेल्व्हेट अंडरग्राउंडमध्ये गेलेला जॉन केल यांच्यासोबत वाजवायला लागला. चाल नाही, ताल नाही, नुसते लांबवलेले सूर, तेही प्रचंड मोठ्या आवाजात. सूर नेमके कुठे लावायचे याचं गणित कॉनराडने आणलं, म्हणजे सा-प च्या कंपनसंख्यांचं नातं ३:२, तसंच बाकीचंही पूर्णांकांतच. तंबोरा जुळवताना दोन तारा जराशा चुकल्या की आवाज हेलकावतो ना, म्हणजे सेकंदाला ४४० आणि ४४२ कंपनांचे सूर एकत्र वाजले तर सेकंदाला दोन हेलकावे, आणि सूर चपखल बसला की ते थांबतात. व्हायोलिनवर दोन तारांवर एकदम गज ओढत तो हेच ऐकत राहायचा. मला त्याची ही बाजू सगळ्यात मोठी वाटते, वाजवण्यापेक्षा ऐकण्यावर भर!

भांडण झालं ते टेप्सवरून. या एकत्र वाजवण्याची रेकॉर्डिंग्ज यंगकडे राहिली, त्याच्या मते संगीत त्याचं, कॉनराड आणि केलच्या मते सगळ्यांनी मिळून केलेलं. १९९० मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात यंगचा कार्यक्रम होता तेव्हा कॉनराड बाहेर निषेध करत उभा होता.

मधे १९७२ मध्ये जर्मनीत फाउस्ट या तिथल्या रॉक बँडसोबत एक रेकॉर्ड केली, त्यात बास आणि ड्रम जवळपास न बदलता तेच तेच आणि वर व्हायोलिन, नंतर बफेलोच्या विद्यापीठात बरीच वर्षं शिकवलं. पण जुन्या टेप्स हाती येईनात म्हणून त्याने ते संगीत नव्याने रचायला घेतलं, त्यातून १९९७ चा 'अर्ली मिनिमलिझम' हा चार सीडींचा संच आला. त्यात १९६४ चं एक खरं रेकॉर्डिंगही आहे, 'फोर व्हायोलिन्स', चारही व्हायोलिन त्याचीच, एकावर एक चढवलेली. ऐकायला सुरुवात तिथूनच करा, आणि हेडफोन नको, स्पीकरवर.