मंत्रिपद गेलं की खातं गेलं?

३१ जुलै २०२५ च्या रात्री महाराष्ट्राचे मंत्री माणिकराव कोकाटे यांच्याकडचं कृषी खातं दुसरे मंत्री दत्तात्रय भरणे यांना मिळालं आणि भरण्यांचं क्रीडा खातं कोकाट्यांकडे आलं. दुसऱ्या दिवशी जो तो म्हणत होता, "कोकाट्यांचं मंत्रिपद गेलं." काहीजण तर भरण्यांचा शपथविधी कधी आहे, असं विचारत होते. मंत्रिपद कुणाचंच गेलं नव्हतं आणि शपथविधीही होणार नव्हता.

मंत्रिमंडळाचा विस्तार सगळ्यांना कळतो: नवे चेहरे येतात, राज्यपाल शपथ देतात, संख्या वाढते. ती किती वाढू शकते हेही ठरलेलं आहे. विधानसभेच्या २८८ जागांच्या १५ टक्के, म्हणजे मुख्यमंत्री धरून ४३.

घोळ होतो तो मंत्रिपद आणि खातं यांत. पुढचा शपथविधी नीट कान देऊन ऐका. "राज्याचा मंत्री म्हणून" कर्तव्यं पार पाडीन, असं मंत्री म्हणतो; कृषी, गृह, महसूल यांतलं एकही नाव शपथेत येत नाही. शपथ मंत्रिपदाची असते. खातं त्यानंतर मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्यानं, राज्यपालांच्या आदेशानं मिळतं आणि तसंच काढूनही घेता येतं. म्हणून खातं बदललं तरी शपथ पुन्हा घ्यावी लागत नाही. मंत्रिमंडळाच्या बैठकीतली जागा कायम राहते, बदलतं ते समोर येणाऱ्या फायलींचं खातं.

याचा ढळढळीत पुरावा नागपूरचा. १५ डिसेंबर २०२४ ला तिथल्या राजभवनात ३९ जणांनी शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी हिवाळी अधिवेशन सुरू झालं. खातेवाटप झालं २१ तारखेला, अधिवेशन संपलं त्या दिवशी. म्हणजे ते सगळं अधिवेशन ३९ जण पूर्ण मंत्री होते, आणि खातं एकाकडेही नव्हतं.

उलट धनंजय मुंडे यांचं ४ मार्च २०२५ ला खरोखर मंत्रिपद गेलं. त्या जागी छगन भुजबळ आले ते २० मे रोजी शपथ घेऊनच. मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्री धरून ४२ मंत्री होते, त्यांचे ४१ झाले होते, ते परत ४२ झाले. या भरपाईलाही वृत्तवाहिन्या "विस्तार" म्हणत राहिल्या, ते मला अजिबात पटत नाही. आणि "मंत्रीमंडळ" असं दीर्घ लिहिणंही आता थांबवा; शब्द "मंत्रिमंडळ" आहे.

पालकमंत्रिपद, म्हणजे मंत्र्याकडे दिलेली एखाद्या जिल्ह्याची जबाबदारी, तर या दोन्हींहून निराळं. ते शपथेत नाही आणि खात्यांच्या यादीतही नाही. जानेवारी २०२५ मध्ये रायगडच्या पालकमंत्रिपदी अदिती तटकरे आणि नाशिकच्या पालकमंत्रिपदी गिरीश महाजन यांची नेमणूक झाली आणि लगेच तिला स्थगिती मिळाली, तेव्हा दोघांची मंत्रिपदंही शाबूत राहिली आणि खातीही.