धुतलेल्या टॉवेलला पोतेऱ्याचा वास काहून येते?

मे महिन्यात नागपुरात टॉवेल दोरीवर टाकला की अर्ध्या तासात पापडासारखा कडक, त्यामुळे तेव्हा वासाकडे कोणाचंच लक्ष जात नाही. पण जुलैत झड लागली की मग सुरू, "अगं, कपड्यांना वास येऊन राहिला नं!" आमच्या आईने यावर पावडर डबल केली, वरून सॉफ्टनरची दोन झाकणं ओतली, आणि वास अजूनच वाढला.

गंमत म्हणजे हा वास मळाचा नाहीच, जिवाणूंचा आहे. 2012 साली जपानी संशोधकांनी मोराक्झेला ऑस्लोएन्सिस नावाचा बॅक्टेरिया यासाठी जबाबदार धरला, तो कपड्यांत 4-मिथिल-3-हेक्झेनोइक अॅसिड बनवतो आणि आपल्या नाकाला झोंबते ते हेच. शिवाय भलताच चिवट, कोरडं पडणं, उन्हातले अतिनील किरण, दोन्ही बऱ्यापैकी सोसतो. म्हणून वाळलेला टॉवेल ठीक वाटतो अन् आंघोळीनंतर ओला झाला की परत तेच.

आता मशीनकडे या. फ्रंट लोड असेल तर दाराच्या रबराची घडी बोटाने उलटून बघा. आमच्याकडे निघाला काळपट बुळबुळीत थर, केसांचा गुंता आणि एक रुपयाचं नाणं. हा थर म्हणजे बायोफिल्म, बॅक्टेरिया आणि बुरशी आपल्याभोवती चिकट जाळं विणून आत बसतात आणि साध्या धुण्याला भीक घालत नाहीत. जास्तीची पावडर नीट खंगाळली जात नाही, सॉफ्टनरचा तेलकट लेप बसतो, त्यावर अंगाचं तेल, म्हणजे यांची पंगतच! त्यात आपण थंड पाण्यात धुतो, त्याने हे मरत नाहीत. बोअरचं जड पाणी असेल तर ड्रमच्या मागे क्षारही साचतात, त्या खडबडीत थराला घाण अजून पकडून बसते.

क्षारांसाठी निंबूफूल, म्हणजे सायट्रिक अॅसिड, इतवारीत कुठल्याही किराणा दुकानात मिळते. रिकाम्या ड्रममध्ये 100 ग्रॅम टाकायचं आणि 60 अंशांवर एक फेरी. क्षार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, अॅसिड लागलं की कार्बन डायऑक्साइड सोडत विरघळतं. पण बाप्पा, यासोबत ब्लीच अजिबात नको, क्लोरीन वायू निघतो, फुप्फुसाला घातक. ब्लीच वापरायचंच तर वेगळ्या दिवशी, मशीन खंगाळून. रबराची घडी मात्र हातानेच पुसावी लागते, त्याला पर्याय नाही.

मशीनचा खालचा फिल्टर साफ करायला उघडताना आधी ताट आणि जुनं फडकं ठेवा, मी ठेवलं नव्हतं, पाणी थेट देवघरापर्यंत गेलं. धुणं झालं की दार आणि पावडरचा कप्पा उघडा ठेवायचा, घरात लहान पोरं असतील तर नजर ठेवून, नाहीतर आत जाऊन बसतात. आईची पावडर आता निम्मी झाली आहे, सॉफ्टनर मात्र ती लपूनछपून टाकतेच.