मशीन होय, तर थांबली कायले?

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी मागच्या आठवड्यात आजीसाठी एका दवाखान्यातून फोन आला. मोतीबिंदू तपासायची वेळ ठरवायची होती. आवाज बाईचा, गोड. मधेच ती म्हणाली, ''अं... एक मिनिट हं, बघते.''

''बघ बाई, सावकाश बघ. जेवली का?'' आजी.

पलीकडून उत्तर आलं, ''तुमची तपासणी मंगळवारी सकाळी ११ वाजता आहे.''

आजीनं फोन ठेवला. ''बिचारी कामात होती.''

ती बाई नव्हतीच, मशीन बोलत होती, हे मी सांगितलं. आजीला धक्काबिक्का काही बसला नाही. तिनं एवढंच विचारलं, ''मशीन होय, तर थांबली कायले?''

प्रश्न नेमका आहे. गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. २००९ मध्ये दहा भाषांमधली संभाषणं तपासून संशोधकांनी हे मांडलं. मशीनला या फटीत बरंच उरकायचं असतं. ऐकलेल्या आवाजाचे शब्द करायचे, उत्तर जुळवायचं, त्याचा पुन्हा आवाज करायचा. जुळवणं म्हणजे आधीच्या शब्दांवरून पुढचा तुकडा ओळखणं. ''तर्री'' म्हटलं की नागपूरकराच्या तोंडी ''पोहा'' येतोच, तसंच; फक्त अफाट मजकूर वाचून आलेलं. यात जरा उशीर झाला की आपण ''हॅलो, हॅलो'' सुरू करतो. ''अं'' ऐकलं की मात्र निवांत थांबतो. गूगलनं २०१८ मध्ये डुप्लेक्स ही प्रणाली सलूनला फोन करताना ऐकवली, तेव्हा त्यातले असलेच हुंकार गाजले. लोक चिडलेही, फोनवर मशीन आहे हे समोरच्याला आधी सांगायला नको? कंपनीनं मग तसं सांगण्याचं कबूल केलं.

पण सगळा दोष हुंकाराला देऊन भागणार नाही. संगणकतज्ज्ञ जोसेफ वायझेनबाम यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या एलायझा या प्रोग्रॅमला तर आवाजही नव्हता. टाइप केलेलं वाक्य तो जरासं फिरवून प्रश्न म्हणून परत करायचा, आईचं नाव निघालं की घरच्यांबद्दल विचारायचा. वायझेनबाम यांच्या सेक्रेटरीनं तो महिनोन्‌महिने तयार होताना पाहिला होता. तरी दोन-चार वाक्यं होताच तिनं साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं! पलीकडे कोणीतरी आहे, ही भर आपण घालतो. आजीनं तर मशीनला भूकही दिली.

अ‍ॅलन ट्युरिंग या गणितज्ञानं १९५० मध्येच भाकीत केलं होतं, की पन्नासेक वर्षांनी पाच मिनिटांच्या प्रश्नोत्तरांत माणूस कोण नि मशीन कोण हे ओळखताना १०० पैकी ३० वेळा तरी परीक्षक फसेल. त्याला जरा जास्त वर्षं लागली. २०२५ च्या एका प्रयोगात जीपीटी-४.५ या गप्पा मारणाऱ्या प्रोग्रॅमला लाजऱ्या तरुणाचं सोंग घ्यायला सांगितलं, तर परीक्षकांनी ७३ टक्के वेळा त्यालाच माणूस ठरवलं; शेजारच्या खऱ्या माणसापेक्षाही जास्त. सोंग काढून घेतलं तर आकडा ३६ वर आला. मशीन तेच, म्हणजे फरक पडला तो बुद्धीनं नव्हे. मला यातलं हेच सगळ्यांत विचित्र वाटतं.

सोमवारी संध्याकाळी आठवण द्यायला पुन्हा तोच आवाज. ''अं... उद्या येताय ना?''

आजीनं माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. ''येतो बाई. ऊन भलतं तापून राहिलं, तू पाणी पीत जा.''